नेपाळवर वजन कुणाचं? भारत, चीन आणि मधला देश

काठमांडूत सरकार बदललं की आपल्याकडे ठरलेला प्रश्न येतो, हा नवा पंतप्रधान भारताचा माणूस की चीनचा? मला हा प्रश्न कधीच पटला नाही, कारण त्यात नेपाळी माणूस कुठे दिसतच नाही, जणू तीन कोटींच्या आसपास लोकांचा अख्खा देश कुणाच्या तरी खिशात जायला तयारच बसलाय. म्हणून जरा सावकाशीने बघू की भारताला नेपाळकडून काय हवंय, चीनला काय हवंय, दोघं ते मिळवायला काय काय करतात, आणि या सगळ्यात नेपाळ स्वतः काय करतो, कारण तोही गप्प बसलेला नाहीये.

सगळ्यात आधी नकाशा. नेपाळला समुद्र नाही. पूर्व, पश्चिम, दक्षिण या तीन बाजूंना भारत आणि उत्तरेला तिबेट, म्हणजे चीन. भारताकडची सीमा साधारण १,७५० किलोमीटरची, बरीचशी सपाट, आणि उघडी. पासपोर्ट नको, व्हिसा नको, इकडची मुलगी तिकडे लग्न करून जाते, तिकडचा माणूस इकडे येऊन नोकरी करतो. उत्तरेची सीमा साधारण १,४०० किलोमीटरची पण ती सगळी हिमालयातून जाते, मालाचे ट्रक जातील असे रस्ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातले मुख्य दोन म्हणजे तातोपानी आणि रसुवागढी. साहजिकच नेपाळचा जवळपास दोन तृतीयांश व्यापार भारताशी होतो, पेट्रोल-डिझेल भारतातून येतं, परदेशातला माल कोलकात्याच्या बंदरावरून येतो, आणि नेपाळी रुपयासुद्धा १९९३ पासून भारतीय रुपयाला १.६० या दराने बांधलेला आहे. म्हणजे भारताचं वजन कुणी ठरवून निर्माण करायची गरजच नव्हती, भूगोलानेच ते देऊन ठेवलं होतं. आणि माझ्या मते नेमका इथेच दिल्लीचा घोटाळा झाला, जे फुकट मिळालंय ते कायमचं आहे असं धरून चाललं गेलं.

आता भारताला काय हवंय? सुरक्षा. १९५० मध्ये चीनचं सैन्य तिबेटमध्ये शिरलं, त्याच वर्षी ३१ जुलैला भारत आणि नेपाळने शांतता आणि मैत्रीचा करार केला. दिल्लीचा हिशोब सरळ होता, आपली संरक्षणाची भिंत म्हणजे हिमालय, आणि त्या भिंतीचा मोठा भाग नेपाळात आहे. करारात एकमेकांच्या नागरिकांना राहायची, धंदा करायची, मालमत्ता घ्यायची मुभा आली, आणि नेपाळ भारताच्या हद्दीतून शस्त्रं आणू शकेल असंही आलं. मग नेपाळींना यात खुपतं काय? एक म्हणजे नेपाळकडून सही करणारे मोहन शमशेर हे राणा पंतप्रधान होते, म्हणजे शंभरेक वर्षं लोकांच्या डोक्यावर बसलेल्या घराण्यातले शेवटचे, ज्यांची सत्ता पुढच्या काही महिन्यांतच गेली. दुसरं, पंतप्रधानांच्या सहीसमोर भारताची सही राजदूताची. असल्या गोष्टी आपल्याला किरकोळ वाटतात, काठमांडूत त्या पिढ्यानपिढ्या लक्षात राहिल्यात.

चीनची मुख्य गरज त्या मानाने अरुंद होती, आणि म्हणूनच ती भागवणं नेपाळला सोपं गेलं. चीनला नेपाळात सगळ्यात जास्त काळजी तिबेटची. नेपाळच्या उत्तरेकडच्या मुस्तांगमध्ये तिबेटी खांपा लढवय्ये तळ ठोकून तिबेटमध्ये हल्ले करायचे, त्यांना अमेरिकेच्या सीआयएची मदत होती. १९७४ मध्ये नेपाळच्या सैन्याने त्यांची शस्त्रं काढून घेतली. नेपाळात हजारो तिबेटी निर्वासित राहतात, २००८ मध्ये तिबेटमध्ये उठाव झाला तेव्हा काठमांडूच्या रस्त्यावरही त्यांची रोज निदर्शनं चालली होती, त्यानंतर मात्र नेपाळने त्यांच्यावर फास आवळत नेला. आज काठमांडूत कुठलंही सरकार येवो, "एक चीन", म्हणजे तिबेट आणि तैवान चीनचेच, हे वाक्य ते न चुकता बोलतं. या देवाणघेवाणीत खरी किंमत त्या निर्वासितांनी मोजली, अनेकांना ओळखपत्रसुद्धा मिळत नाही, आणि भारत-चीनची चर्चा चालू असते तेव्हा या माणसांचं नावही कुणी काढत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता नेपाळ काय करतो बघा. हा खेळ पहिल्यांदा नीट शिकले ते राजे महेंद्र. डिसेंबर १९६० मध्ये त्यांनी लोकांनी निवडून दिलेलं बी. पी. कोइराला यांचं सरकार बरखास्त केलं आणि कोइरालांना तुरुंगात टाकलं. नेहरू नाराज झाले, कोइरालांच्या नेपाळी काँग्रेस पक्षाचे कार्यकर्ते भारताच्या हद्दीतून हल्ले करू लागले. महेंद्रांनी काय केलं तर १९६१ मध्ये चीनशी सीमा करार केला आणि काठमांडूपासून तिबेटच्या सीमेवरच्या कोदारीपर्यंत रस्ता बांधायचं चीनकडून कबूल करून घेतलं. दिल्लीत खळबळ. मग १९६२ चं युद्ध झालं, भारताला उत्तरेच्या शेजाऱ्याची खरी भीती कळली आणि ते हल्ले थांबले. म्हणजे निवडून आलेलं सरकार पाडणाऱ्या राजाला दोन मोठ्या देशांच्या भांडणाने वाचवलं. तिथल्या लोकशाहीला पुढची जवळपास तीस वर्षं थांबावं लागलं, हे लक्षात असू द्या, कारण "नेपाळने दोघांना कसं छान खेळवलं" असं कौतुकाने सांगितलं जातं तेव्हा खेळवणारा कोण होता आणि फायदा कुणाचा झाला हे कुणी विचारत नाही.

पुढे १९८८ मध्ये नेपाळने चीनकडून शस्त्रं घेतली, त्यात विमानविरोधी तोफाही होत्या. भारताच्या दृष्टीने हे १९५० च्या कराराच्या विरुद्ध होतं. मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि मालवाहतुकीच्या करारांची मुदत संपली, नवे करार झाले नाहीत, आणि सीमेवरच्या १५ पैकी १३ नाकी बंद झाली. रॉकेल नाही, मीठ नाही, लोकांचे हाल. पुढच्या वर्षी राजेशाहीविरुद्ध मोठं आंदोलन झालं, पक्षांवरची बंदी उठली, आणि मग भारताशी गाडी रुळावर आली. आपल्याकडे याचा अर्थ काढला गेला की नाक दाबलं की तोंड उघडतं.

हाच धडा २०१५ मध्ये अंगाशी आला, आणि आजची सगळी परिस्थिती समजायची तर २०१५ समजून घेणं भाग आहे. २५ एप्रिलला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, जवळपास ९,००० माणसं गेली, लाखो घरं पडली. भारताची मदत काही तासांत पोचली होती. २० सप्टेंबरला नेपाळने नवी राज्यघटना जाहीर केली, जी व्हायला २००६ मध्ये माओवाद्यांशी चाललेलं यादवी युद्ध संपल्यापासून जवळपास दहा वर्षं लागली होती. पण तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्टीतल्या, मधेशी आणि थारू लोकांना वाटलं की प्रांतांच्या सीमा आणि नागरिकत्वाच्या कलमांत आपल्याला डावललंय. त्यांची तक्रार खोटी नव्हती, आंदोलनात ४० पेक्षा जास्त माणसं मेली. भारतानेही बदल करा असं जाहीरपणे सुचवलं, घटनेचं स्वागत अगदी कोरडं केलं, आणि त्याच सुमारास सीमेवर ट्रक थांबले. भारताचं म्हणणं होतं की आम्ही काही बंद केलं नाही, पलीकडे आंदोलन चाललंय म्हणून ड्रायव्हर जायला घाबरतायत. नेपाळचं म्हणणं, ही अघोषित नाकाबंदी आहे, कारण जिथे आंदोलक नव्हते त्या नाक्यांवरूनही माल येत नव्हता. खरं काय यावर अजून वाद आहे, पण परिणामावर नाही. साडेचार महिन्यांच्या आसपास गॅस सिलिंडर मिळेना, औषधं संपत आली, भूकंपात घर गेलेल्यांनी तो हिवाळा तंबूत आणि पत्र्याखाली काढला, काठमांडूसारख्या शहरात लोक लाकडं जाळून स्वयंपाक करत होते. त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली मुलं आज मतदार आहेत आणि भारत म्हटलं की त्यांना आधी तो हिवाळा आठवतो.

चीनने तेव्हा १३ लाख लिटर इंधन भेट म्हणून पाठवलं. देशाच्या गरजेपुढे ते काहीच नव्हतं, पण त्या दिवसांत लोकांनी ते टँकर बघितले ना! केपी ओली ऑक्टोबर २०१५ मध्ये पंतप्रधान झाले होते, त्यांनी मार्च २०१६ मध्ये बीजिंगला जाऊन मालवाहतुकीचा करार केला, म्हणजे नेपाळला चीनची बंदरं वापरता येतील. मे २०१७ मध्ये नेपाळ चीनच्या बेल्ट अँड रोड, म्हणजे देशोदेशी रस्ते, रेल्वे, बंदरं उभारायच्या योजनेत सामील झाला. २०१७ च्या निवडणुकीत ओलींनी राष्ट्रवादाचा मुद्दा घेऊन प्रचंड यांच्या माओवादी पक्षाबरोबर युती केली आणि जवळपास दोन तृतीयांश जागा काढल्या. नाक दाबलं होतं खरं, पण तोंड उत्तरेला फिरलं.

मग चीन जिंकला का? इथे जरा थांबायला हवं, कारण करार होणं वेगळं आणि माल पोचणं वेगळं. चीनने चार बंदरं देऊ केली, त्यातलं तिआनजिन नेपाळच्या सीमेपासून ३,००० किलोमीटरहून जास्त लांब. कोलकाता भारताच्या सीमेवरच्या वीरगंज या नेपाळी शहरापासून हजार किलोमीटरच्या आत. कुठला व्यापारी तिआनजिनवरून माल मागवेल? काठमांडूपर्यंत चिनी रेल्वे येणार असं इतकी वर्षं ऐकतोय, तिबेटच्या बाजूला ती २०१४ मध्ये शिगात्सेपर्यंत आली, पुढे हिमालय फोडून बोगदे काढायचे तर खर्च कोण करणार यावरच सगळं अडलंय. बेल्ट अँड रोडमध्ये सही होऊन सात वर्षं गेली तरी प्रत्यक्षात त्या नावाने फारसं काही उभं राहिलं नाही, डिसेंबर २०२४ मध्ये कुठे अंमलबजावणीचा आराखडा सही झाला, आणि त्यातही पैसे अनुदान म्हणून की कर्ज म्हणून यावर शब्दांची बरीच ओढाताण झाली, कारण नेपाळला कर्ज नको होतं.

आणि नाकं बंद करायची कला फक्त भारतालाच येते असंही नाही. भूकंपानंतर तातोपानीचं नाकं चार वर्षं बंद होतं, २०१९ मध्ये उघडलं, मग कोविड आला आणि चीनने दोन्ही नाकी कधी बंद कधी अर्धवट चालू ठेवली, दसऱ्यासाठी मागवलेले कपडे आणि माल महिनोन्महिने पलीकडे अडकून पडले, व्यापाऱ्यांचं दिवाळं निघालं. जुलै २०२५ मध्ये भोटेकोशी नदीला पूर आला आणि रसुवागढीचा मैत्री पूलच वाहून गेला. या वाटेच्या भरवशावर देश चालवता येत नाही हे काठमांडूत सगळ्यांना माहितीये. चीनच्या वाटेचा खरा उपयोग दिल्लीशी बोलताना होतो, आमच्याकडे दुसरा दरवाजा आहे एवढं सांगायला.

या स्पर्धेत नेपाळच्या पदरात काय पडतं याची दोन उदाहरणं बघा, दोन्ही विमानतळांची. पोखराचा आंतरराष्ट्रीय विमानतळ चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून, चिनी कंपनीने बांधला, खर्च २१ कोटी डॉलरच्या वर, १ जानेवारी २०२३ ला उद्घाटन. लुंबिनीजवळचा भैरहवा विमानतळ मे २०२२ मध्ये सुरू झाला, पैसा मुख्यतः आशियाई विकास बँकेचा पण कंत्राटदार चिनी. दोन्हीकडे नियमित आंतरराष्ट्रीय विमानं फारच थोडी येतात. कारणं बरीच आहेत, प्रवाशांचा अंदाज फुगवलेला होता, पोखराच्या कामात भ्रष्टाचाराच्या चौकशा झाल्या, पण एक मोठं कारण म्हणजे भारताने आपल्या हवाई हद्दीतून नेपाळला हवे असलेले नवे मार्ग पुरेसे दिलेले नाहीत. भैरहवा सुरू झाला त्याच दिवशी, १६ मे २०२२ ला, पंतप्रधान मोदी बुद्धपौर्णिमेला लुंबिनीला गेले, पण नव्या विमानतळावर न उतरता हेलिकॉप्टरने थेट लुंबिनीत उतरले. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांना समजलं. कर्जाचा हप्ता मात्र नेपाळी करदात्याला भरायचाय.

विजेचं प्रकरण याहून महत्त्वाचं आहे आणि त्यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं. दहा वर्षांपूर्वी काठमांडूत दिवसाचे कित्येक तास वीज नसायची, आता पावसाळ्यात नद्या भरल्या की नेपाळात वीज उरते. ती घेणार कोण? हिमालयापलीकडे तारा नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक एकच, भारत. जानेवारी २०२४ मध्ये करार झाला की भारत दहा वर्षांत १०,००० मेगावॅटपर्यंत वीज घेईल. पण भारताचा नियम असा की ज्या प्रकल्पात चिनी पैसा किंवा चिनी कंत्राटदार आहे त्याची वीज चालणार नाही. नेपाळने स्वतःच्या पैशाने उभा केलेला ४५६ मेगावॅटचा अप्पर तामाकोशी प्रकल्प, बांधकामात चिनी कंपनी होती म्हणून त्याची वीज भारताने नाकारली. परिणाम काय, नेपाळी गुंतवणूकदार आता स्वतःहूनच चिनी कंपन्यांपासून लांब राहतात, आणि पश्चिम सेतीचा प्रकल्प, जो आधी चीनची थ्री गॉर्जेस कंपनी करणार होती आणि २०१८ मध्ये सोडून गेली, तो २०२२ मध्ये भारताच्या एनएचपीसी या सरकारी जलविद्युत कंपनीकडे आला. एकही ट्रक न अडवता भारताने जेवढं वजन विजेच्या खरेदीतून कमावलं तेवढं नाकाबंदीतून कधीच कमावलं नव्हतं, हे माझं ठाम मत आहे. त्यात एक चांगली गोष्टही झाली, भारताच्या ग्रिडमधून नेपाळची ४० मेगावॅट वीज आता बांगलादेशलाही जाते, आकडा छोटा आहे पण नेपाळला दुसरं गिऱ्हाईक मिळालं.

पक्षांच्या राजकारणातली लुडबूड दोघंही करतात. २०२० हे वर्ष घ्या. मे महिन्यात भारताने उत्तराखंड, नेपाळ आणि तिबेट जिथे भेटतात त्या लिपुलेख खिंडीपर्यंतच्या रस्त्याचं उद्घाटन केलं, नेपाळने लिपुलेख, कालापानी आणि लिंपियाधुरा आपल्या हद्दीत दाखवणारा नवा नकाशा काढून जूनमध्ये तो राज्यघटनेतच घातला. (वाद असा की १८१६ च्या सुगौली करारात काली नदी ही सीमा ठरली, पण काली नेमकी कुठून सुरू होते यावर दोघांचं एकमत नाही, आणि त्यावर साधारण ३३५ चौरस किलोमीटर जमीन कुणाची ते ठरतं.) इकडे ओली आणि प्रचंड यांच्या एकत्र कम्युनिस्ट पक्षात फूट पडत होती आणि चीनच्या राजदूत होऊ यांकी उघडपणे नेत्यांच्या घरी जाऊन तो पक्ष टिकवायचा प्रयत्न करत होत्या. ऑक्टोबरमध्ये भारताच्या रॉ या गुप्तचर संस्थेचे प्रमुख सामंत गोयल काठमांडूत येऊन ओलींना भेटले. डिसेंबरमध्ये ओलींनी संसद बरखास्त केली तशी चीनच्या कम्युनिस्ट पक्षाने आपले नेते गुओ येझोऊ यांना तातडीने पाठवलं. एवढी सगळी धावपळ होऊन शेवटी झालं काय, तर नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने संसद पुन्हा आणली, पक्षाचं एकत्रीकरण रद्द केलं, आणि जुलै २०२१ मध्ये नेपाळी काँग्रेसच्या शेर बहादूर देउबांना पंतप्रधान नेमा असा आदेश दिला. निकाल काठमांडूतच लागला.

यात तिसरा देशही आहे. अमेरिकेने २०१७ मध्ये वीजवाहिन्या आणि रस्त्यांसाठी ५० कोटी डॉलरचं अनुदान देऊ केलं, एमसीसी नावाने. चीनला ते अजिबात आवडलं नाही, रस्त्यावर दगडफेक झाली, आणि पाच वर्षं रखडल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये संसदेने ते मंजूर केलं, पण बारा मुद्द्यांचं स्पष्टीकरण जोडून की हा लष्करी करार नाही वगैरे. नेपाळची ही पद्धत झालीये, कुणालाच सरळ नाही म्हणायचं नाही.

पण लहान देशाच्या या हुशारीला मर्यादा आहे आणि ती लिपुलेखमध्ये दिसते. मे २०१५ मध्ये भारत आणि चीन दोघांनी मिळून लिपुलेखमार्गे व्यापार वाढवायचं ठरवलं, नेपाळला न विचारता. नेपाळने दोघांनाही निषेध कळवला. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले तेव्हा पुन्हा तेच, लिपुलेखचा व्यापार परत चालू करू. ज्या चीनकडे नेपाळ भारताविरुद्धचा आधार म्हणून बघतो त्याच चीनने भारताशी जमलं की नेपाळचा दावा विचारातही घेतला नाही. दोघांचं भांडण असेल तेव्हाच मधल्या देशाला भाव असतो, दोघांचं पटलं की तो एकटा पडतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांचं आंदोलन झालं तेव्हा तर "यामागे कोण" याच्या चर्चांना ऊत आला. सरकारने सोशल मीडियावर बंदी घातली, ८ सप्टेंबरला पोलिसांच्या गोळीबारात १९ जण मेले, ९ तारखेला ओलींना जावं लागलं, सरकारची मुख्य कचेरी असलेला सिंहदरबार जळाला, एकूण ७० पेक्षा जास्त बळी गेले, आणि १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. ओली आठवडाभरापूर्वीच चीनमध्ये होते, त्यामुळे आपल्याकडे लगेच चीनचा माणूस गेला असं गणित मांडून झालं. ती मुलं ओरडून सांगत होती की नेत्यांची पोरं मजा मारतात आणि आम्हाला नोकरीसाठी आखातात, मलेशियात जावं लागतं. देशाच्या उत्पन्नाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका पैसा बाहेर गेलेल्या माणसांच्या कमाईतून येतो. या मुलांना दिल्ली किंवा बीजिंगचं काही पडलेलं नव्हतं, आणि हे दोन्हीकडच्या मुत्सद्द्यांना अजून नीट समजलंय असं मला वाटत नाही.

भारताने काय करावं हे मी सांगावं इतका मी कुणी मोठा नाही, पण एक साधी गोष्ट हातातली आहे. २०१६ मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून जाणकारांचा एक गट नेमला होता, १९५० च्या करारासकट सगळ्या संबंधांचा फेरविचार करायला, दोन्हीकडचे चार-चार सदस्य, भारताकडून भगतसिंग कोश्यारीही होते, जे नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्यांनी एकमताने अहवाल लिहिला, २०१८ मध्ये तो तयार झाला, आणि आधी तो भारताच्या पंतप्रधानांना द्यायचा असं ठरलं होतं, पण वर्षानुवर्षं त्याला वेळच मिळाली नाही. अहवाल पटला नाही तर पटला नाही म्हणा, कुठलं कलम चालणार नाही ते सांगा, त्यावर भांडाही, पण आधी तो हातात तरी घ्या.